किती जण?

"किती जण?"

हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या कोटवाल्या मुलानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं. एक मोठी कुंडी होती. त्यानं कुंडीच्याही मागं पाहिलं.

"एक," मी म्हणाले.

"एक फॅमिली?"

"एक बाई."

"हां, म्हणजे बाकीचे मागनं येणारेत."

"बाकीचे डोंबिवलीत आहेत."

त्याचा चेहरा असा झाला, की मलाच त्याचं सांत्वन करावंसं वाटलं.

एकटीनं कोल्हापूरला यायचं हे माझं मीच ठरवलं होतं. एकटी बाई गोव्याला निघाली तर घरात बैठक बसते. एकटी बाई अंबाबाईला निघाली तर घरातले ओटीचं सामान काढून देतात. मला खण, नारळ, तांदूळ आणि सासूबाईंनी दिलेले अकरा रुपये मिळाले. "दर्शनाला तीन रात्री?" आमच्या ह्यांनी तेवढं विचारलं. हे बँकेत ऑडिटला होते, त्यामुळे आकडा दिसला की थांबतात. "रांग असते," मी म्हणाले आणि कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढले.

खरं कारण माझी भाची. तिनं सांगितलं होतं, की मावशी, सोलो ट्रिप म्हणजे नुसतं फिरणं नव्हे, एकटीनं चांगल्या, महागड्या हॉटेलात जाऊन, कुणाच्या ताटात काय हवं-नको न बघता, शांतपणे जेवणं. कोरियात म्हणे त्याला शब्दच आहे, होनबाप. मी म्हटलं, त्यात बाप कुठून आला? तर 'बाप' म्हणजे भात, जेवण. 'होन' म्हणजे एकट्यानं. जपानात काही ठिकाणी तर रॅमेन खायला बसलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावलेल्या असतात, म्हणजे शेजारचा दिसूच नये. कोल्हापुरात अशी फळी लावली, तर शेजारचा ती वर उचलून विचारेल, "काय मागवलंय वो?"

तर त्या कोटवाल्यानं मला हॉलच्या मधोमध चार खुर्च्यांच्या टेबलावर नेलं. माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल, पूर्वी हॉटेलांवर पाटी असायची, 'फॅमिली रूमची सोय आहे'. फॅमिली रूम म्हणजे पडदा लावलेलं एक खुराडं. एकटी बाई आत शिरली, की तिला थेट त्या पडद्यामागं पाठवत. एकटा पुरुष बाहेर बसायचा, तो गिऱ्हाईक. एकटी बाई मात्र फॅमिली. तेव्हा मला त्याचा राग यायचा. त्या रात्री मी मनातल्या मनात तो पडदा शोधत होते.

कारण मी बसल्या बसल्या दोन वेटर आले आणि उरलेल्या तीन जागा आवरू लागले. तीन प्लेटा, तीन ग्लास, तीन काटे, तीन चमचे आणि कमळासारखे दुमडलेले तीन रुमाल. काही म्हणजे काही आवाज न करता उचलायचं, असं त्यांना शिकवलेलं असावं. त्यामुळे प्रत्येक चमचा स्वतंत्रपणे वाजला. आसपासच्या टेबलांवरची माणसं वळून बघत होती. मोडलेल्या लग्नाचा मांडव उतरवतानाही एवढी शांतता पाळत नाहीत.

मेन्यूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं. त्यात पांढरा रस्सा कुठं दिसेना. बऱ्याच वेळानं 'व्हाइट मटन ब्रॉथ, कोल्हापूर स्टाइल' सापडला. कोल्हापुरात बसून कोल्हापूर स्टाइल! त्याच्या खाली 'व्हेज कोल्हापुरी' होतं, जी भाजी मुंबईच्या प्रत्येक हॉटेलात मिळते आणि कोल्हापूरच्या कुठल्या स्वयंपाकघरात कुणी करत असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. इथं ती बहुधा आमच्यासारख्या पाहुण्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून ठेवली असावी.

मटण हंडीत. हंडी हाफ किंवा फुल. "हाफ किती जणांना होते?" मी विचारलं.

"दोघांना, मॅडम."

"आणि एकाला?"

त्यानं मान वर करून छताकडं पाहिलं. गणित सुटेना. "उरलं तर पार्सल देतो," म्हणाला. शेवटी थाळी घ्यायची ठरली. थाळी एका माणसाची असते. माणुसकी असलेला मेन्यूकार्डावरचा हा एकमेव पदार्थ.

आता वाट बघायची. एकट्या माणसानं हॉटेलात नजर कुठं ठेवायची, याचं काहीतरी प्रशिक्षण हवं. समोर बघावं तर समोरच्या टेबलावरच्या बाळाची आई बाळाला जवळ घेते. खाली बघावं तर रडतेय असं वाटतं. वर बघावं तर वेटर धावत येतो. दोन मिनिटांत तिघांनी येऊन "एव्हरीथिंग ओके, मॅम?" विचारलं. चौथा पाणी घालायला आला. मी घोटभर पाणी प्यायले, की तो घोटभर घालायचा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, 2022 सालीच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तशी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, हे आमच्या ह्यांनी मला पाठ करायला लावलं आहे. पण एका बाईला जेवू घालायला चार माणसं राबताना बघितली, की कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

भाचीनं सांगून ठेवलं होतं, पुस्तक ने. मी पुस्तक नेलं होतं, चांगलं जाड. थाळी आली आणि लक्षात आलं, की ही सगळी सोय काट्या-चमच्यानं जेवणाऱ्या लोकांची आहे. आपला उजवा हात एकदा भाकरी कुस्करून तांबड्या रश्श्यात गेला, की तो जेवण संपेपर्यंत समाजातून उठला. डाव्या हातानं पुस्तक धरायचं, तर पान उलटायला तिसरा हात हवा. मी करंगळीनं एक पान उलटलं. त्या पानावर आता कायमचा सूर्यास्त झाला आहे. मग मोबाईल घेतला. तो माझ्या बोटाच्या ठशानं उघडतो. उजव्या अंगठ्याच्या. त्या अंगठ्यावर त्या वेळी कांदालसूण चटणीची तर्री होती. मोबाईलनं मला ओळखलं नाही.

रस्सा मात्र चांगला होता. पांढरा रस्सा चहाच्या कपात आला, वर कोथिंबिरीचं एकच पान, तेही अगदी मधोमध. अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. तिखट नाही, पण आलं-लसूण आणि मिरी घशाला बरोबर सांगून जातात. तीन घोटांत संपला. दुसरा मागावा, तर तो 'ब्रॉथ' वेगळ्या पैशांचा.

आणि मग सुक्क्या मटणात नळी निघाली.

नळीचं शास्त्र असं आहे, की ती चमच्यानं उकरून भागत नाही. ती उभी धरून ताटात आपटावी लागते, किंवा एका टोकाला ओठ लावून जीव खाऊन ओढावी लागते. आमच्या घरी आपटायचं काम ह्यांच्याकडं असतं. ते ऑडिटच्या शिक्क्यासारखी दोनदा ठाप-ठाप आपटतात आणि मगज माझ्या ताटात टाकतात. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्यांची आठवण म्हणून डोळ्यांत पाणी यावं, असे प्रसंग मोजकेच आले. हा त्यातला एक. हॉलमध्ये हलकं पियानोचं संगीत चाललं होतं. मी नळी उचलली. चार वेटर, एक कोटवाला आणि बाळ यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नळी खाली ठेवली. परत उचलली. तोंडाजवळ नेली. नेमकं तेव्हाच संगीत थांबलं. मी नळी खाली ठेवली आणि भातानं तिला झाकून टाकलं. आजही रात्री कधी जाग आली, तर मला ती नळी दिसते.

हात धुवायला उठले, तर बेसिन कुठंच दिसेना. महागड्या हॉटेलात बेसिन लपवून ठेवतात, लिंबाची वाटी देतात. पण ती शेवटी, आणि मला भात राहिला होता. फक्त फोन वाजला म्हणून हात धुवायचे होते. एकट्या माणसानं टेबल सोडायचं म्हणजे पर्स, फोन, पुस्तक सगळं काखोटीला मारून जायचं, कारण 'जरा लक्ष ठेव' म्हणायला कोण आहे? मी तसं गेले. ह्यांचा फोन होता, गॅसच्या सिलिंडरचा नंबर कुठं लिहिलाय म्हणून. परत आले, तर टेबल स्वच्छ. नवी चादर. चार प्लेटा, चार ग्लास, चार कमळं.

"मॅडम, आम्हाला वाटलं गेला तुम्ही."

"बिल न देता?"

"तेच आम्हीपण म्हणत होतो," तो म्हणाला.

माझा भात गेला. नळीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खायला गेले. छोटं दुकान, लाकडी बाकडी, बाहेर गर्दी. दारात कोणी कोट घालून नव्हतं. "किती जण?" हा प्रश्नच नाही. एक जण नुसता "सरका की वो" म्हणाला आणि एका अख्ख्या बाकड्यानं एक वीत सरकून मला जागा केली. माझ्या डाव्या मांडीला कॉलेजातला पोरगा, उजव्या मांडीला दूधवाला. समोर मिसळ, कट आणि ब्रेडच्या स्लाइस. माझा कट संपलेला माझ्याआधी दूधवाल्याला कळला. "ताईंना कट घाल रे," तो ओरडला आणि परत आपल्या ताटलीत बुडाला. सात मिनिटांत खाऊन मी बाहेर. एकटी होते की नव्हते, हे ठरवायलाही वेळ मिळाला नाही.

मग दर्शन झालं, अकरा रुपये पोहोचले. न्यू पॅलेस बघितला. 1884 साली बांधून पूर्ण झालेली ती काळ्या दगडाची इमारत, मधे घड्याळाचा मनोरा, आत पेंढा भरलेले वाघ. लोक एकेका वाघापुढं थांबून बोट दाखवत होते. आदल्या रात्रीनंतर मला त्या वाघांबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटला.

भवानी मंडपात सावलीला टेकले असताना गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाची गोष्ट आठवली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असं गाव म्हणायला लागल्यावर स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायले. आपल्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजला. हॉटेलात कुणी बसायचं, याचा निकाल या गावानं शंभर वर्षांपूर्वी असा लावलेला, आणि मी समोरची प्लेट उचलली म्हणून रुसून बसले होते. थोडी लाज वाटली. पण थोडीच. नळीचं दुःख होतंच.

संध्याकाळी मी डाव बदलला. दुसऱ्या एका हॉटेलला फोन केला. पलीकडून प्रश्न आला. मी बेधडक म्हणाले, "दोन."

खोटं बोलणं सोपं असतं. त्याला जेवू घालणं अवघड असतं. रंकाळ्यावर वारा खाऊन मी आठ वाजता पोहोचले, खिडकीजवळचं टेबल मिळालं, एकही प्लेट कोणी उचलली नाही. मी खुशीत. दहा मिनिटांनी वेटर आला. विशी-बाविशीचा, केसांना भरपूर तेल.

"साहेब येणारेत न्हवं?"

"हो. येतायत. पन्हाळ्याहून." पन्हाळा का, देवाला ठाऊक.

"पन्हाळ्यास्नं? मग अर्ध्या तासात येतील की."

अर्ध्या तासानं तो परत आला. मी म्हणाले, "गाडी बंद पडलीय."

इथं मी कोल्हापूरला ओळखायला चुकले. मुंबईत गाडी बंद पडली म्हटलं, की लोक "ओह" म्हणतात. या मुलाचे डोळे चमकले. "कुठं? वाघबिळापाशी काय? माझा मावसभाऊ मेकॅनिक हाय तिकडं. गाडीचा नंबर सांगा, लगेच पाठवतो." आणि त्यानं फोन काढला सुद्धा. काउंटरवरून मॅनेजर आला. त्याच्या ओळखीची क्रेन होती. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ हात पुसत उठले, म्हणाले, "ताई, काय काळजी करू नका, आमची पोरं जोतिबालाच गेल्यात, येता येता बघतील." दोन मिनिटांत माझ्या नसलेल्या नवऱ्याच्या नसलेल्या गाडीकडं तीन दिशांनी माणसं निघाली.

"नको, नको," मी ओरडले, "सुरू झाली! आत्ताच मेसेज आला!"

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. "मग वीस मिनिटं," मॅनेजर म्हणाला आणि त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. आता सगळं हॉटेल घड्याळाकडं बघत होतं.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. भुकेनं माझे प्राण कंठाशी आलेले. "थाळी लावू का?" मुलगा हळू आवाजात म्हणाला. "साहेबांची पण लावतो, आल्या आल्या बसतील." नाही म्हणण्याइतका मला धीर नव्हता. दोन मटण थाळ्या आल्या. एकीच्या मागं मी, एकीच्या मागं रिकामी खुर्ची. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. पण न मागता मसाला पापड आला. मग एक वाटी दहीकांदा. मग गोड म्हणून शिरा, "आमच्याकडनं". घरात काही घडलं, की शेजारपाजारचे झाकून पिठलं-भात आणून ठेवतात, अगदी तसा. तेलवाला मुलगा लांब उभा राहून माझ्याकडं बघत होता. साहेब आता कधीच येणार नाहीत, हे त्याला कळलं होतं आणि मला ते कसं सांगावं, हे कळत नव्हतं.

तेवढ्यात ती गृहस्थांच्या टेबलावरची आजी उठली. इरकली लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात काठी. सरळ माझ्यासमोर आली.

"हितं कोन बसलंय?"

"कोणी नाही. म्हणजे येणार आहेत."

"येऊ दे की. आलं की उठतो मी." कोल्हापूरच्या बायका 'मी उठतो', 'मी जेवतो' म्हणतात, हे ऐकून होते, समोर ऐकलं तेव्हा फार बरं वाटलं. "तिकडं एसी डोस्क्यावर सोडलाय मेल्यांनी. आणि समदी मोबाईल बघत्यात."

आजी बसली. कुठून आलीस, किती पोरं, मालक काय करतात, यातलं एकही अक्षर तिनं विचारलं नाही. मी श्वास रोखून वाट बघत होते. तिनं साहेबांची थाळी आपल्याकडं ओढली.

"आजी, ती साहेबांची हाय," मुलगा पळत आला.

"मग आज मी साहेब. भाकरी आन. गरम. आणि पांढरा वाटीत आन, चा पितोय व्हय मी?"

वाटीतला आला. तिनं एक घोट घेतला, जीभ टाळूला लावली. "उकळी आनलीया जास्त. दूध फुटलंय," ती म्हणाली, मला नव्हे, सगळ्या हॉलला. आणि तरी वाटी संपवली, परत भरून घेतली. आम्ही जेवलो. ती तिच्या ताटात, मी माझ्या. मधे एकदा तिनं तिचा लिंबाचा तुकडा माझ्याकडं सरकवला. बाकी काही नाही.

मग तिच्या ताटात नळी निघाली. एक माझ्याही होती. आजीनं आपली उचलली, नेम धरला आणि ठाप! ग्लासातलं पाणी हललं. हॉल वळला. ठाप! मगज ताटात पडला. तिनं बोटानं उचलून तोंडात टाकला आणि माझ्या ताटाकडं भुवई उडवली.

मी आपटली. पहिल्यांदा नुसताच आवाज झाला. आजी म्हणाली, "मनगाटातनं." दुसऱ्यांदा जमली.

सूनबाई येऊन आजीला घेऊन गेली. जाताना आजी काठी टेकत तेलवाल्या मुलाला म्हणाली, "साहेब जेवले म्हन." साहेबांच्या थाळीचे पैसे ते गृहस्थ द्यायला निघाले होते, मी देऊ दिले नाहीत. निदान तेवढं तरी साहेबांचं माझ्याकडं लागत होतं.

डोंबिवलीला आल्यावर तिसऱ्या दिवशी ह्यांनी माझी पर्स रिकामी करून बिलं टेबलावर तारखेप्रमाणे लावली. ही त्यांची पूजा आहे, मी मधे पडत नाही. एका बिलापाशी ते थांबले. चष्मा वर केला.

"पॅक्स दोन. मटण थाळी दोन."

"हो."

"कोण होतं?"

"साहेब," मी म्हणाले.

हे बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग परत बिलाकडं. वरून खाली, खालून वर, जीएसटीची टक्केवारीही मनातल्या मनात लावून पाहिली.

"सर्व्हिस चार्ज नाही लावलेला," शेवटी म्हणाले आणि बिल फाइलला लावलं.